पाड्यावरचा शास्त्राभ्यास : गाताना मोकळी असणारी माणसं पुस्तक उघडलं की गप्प का होतात?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही आणि तुमच्या पत्नी पुण्याहून अक्कलकुवा तालुक्यातल्या एका वसावी (भिल्लांची एक बोली) बोलणाऱ्या पाड्यावर राहायला गेला आहात. दर गुरुवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास घेता. पंधरा-वीस माणसं येतात, गाणी जीव ओतून गातात, पण पवित्र शास्त्र (बायबल) उघडलं की खाली बघत बसतात. काही विचारलं तर सगळ्याला "हो". वाचायला सांगितलं तर आश्रमशाळेत शिकलेला एक मुलगा तेवढा पुढे येतो. यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत : आधी साक्षरता वर्ग सुरू करावा का, आणि होळीला व देवमोगरेच्या जत्रेला जाणाऱ्या कुटुंबांना काय सांगावं.

मी खानदेशातलाच. नवापूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या पट्ट्यात मंडळीच्या (चर्चच्या) कामात आयुष्याचा मोठा भाग गेला. त्यामुळे लिहितोय ते या भागापुरतं. नवापूरकडे कुठे कुठे तिसरी-चौथी ख्रिस्ती पिढी आहे, त्यांचे पाळक त्यांच्यातलेच, घरात मराठी शास्त्र आहे. तिथे अध्याय उघडून वचनावर वचन असा अभ्यास छान चालतो. तुमच्या पाड्यावर मात्र पहिलीच पिढी विश्वासात आलेली दिसते. म्हणून खालचं सगळं अशा पहिल्या पिढीच्या मंडळीसाठी समजा.

आता मूळ अडचण. ही माणसं अभ्यासाला कच्ची आहेत असं तुम्हाला वाटू लागलंय, ते तुमच्या लिहिण्यात दिसतं. तर याच माणसांना एकदा पंचात बसलेलं पाहा. देजाचा (मुलीकडच्यांना द्यायच्या वधूमूल्याचा) वाद असो की बांधाचा, रात्र रात्र बैठक चालते. कोण कधी काय बोललं होतं, साक्षीला कोण होतं, मागे त्या पाड्यावर अशाच भांडणात काय ठरलं होतं, हे शब्दन्‌शब्द आठवून सांगतात. एकाने चुकीचं सांगितलं की दुसरा थांबवतो. बायका मागे बसून ऐकतात आणि नेमक्या वेळी एक वाक्य टाकून सगळी बैठक फिरवतात. पुरावा तपासणं, अर्थ लावणं, निर्णयाला येणं, सगळं त्यात आहे. अभ्यास म्हणजे आणखी काय असतं?

गुरुवारी त्यांच्यापुढे येते ती शाळा. हातात पुस्तक, पुढे उभा असलेला शहरी मराठी बोलणारा माणूस, आणि "कोण सांगेल?" असा प्रश्न. मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांनी शाळा पाहिलीच नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांना उत्तर चुकलं की काय होतं ते आठवतं. तुम्ही पाहुणे आहात, शिकलेले आहात, शिवाय चांगले आहात. तुम्हाला "नाही" म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. त्यांचा "हो" हा मान आहे, उत्तर म्हणून तो मोजू नका.

साक्षरतेचं म्हणाल तर 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता साधारण 64 टक्के होती, राज्यातली सर्वांत कमी. पाड्यांवर आणि विशेषतः बायकांमध्ये ती याहून खूप खाली. "आधी वाचायला शिका, मग वचन" असं धोरण ठेवलं तर आज चाळिशी-पन्नाशीत असलेली सगळी पिढी दाराबाहेर राहील. आणि शास्त्राला स्वतःला असा दंडक माहीत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचतो, लोक उभे राहून ऐकतात, आणि लेवी (मंदिराचे सेवक) त्यांच्यात फिरून अर्थ समजावून देतात. पौलाची बहुतेक पत्रं मंडळीत वाचून दाखवायची म्हणूनच लिहिलेली होती. मार्काचं शुभवर्तमान सबंध मोठ्याने वाचलं तर साधारण दीड तासात होतं. पहिल्या ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेकांनी ते कानांनीच घेतलं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : वर्ग बंद करा आणि बैठक सुरू करा.

बैठक म्हणजे काय ते सांगतो. सगळे जमिनीवर गोल बसतात, तुम्हीही. एकच प्रसंग घ्यायचा, पाठ करून आलेला, पुस्तकात न पाहता सांगायचा. पुस्तक मात्र मध्ये उघडं ठेवायचं, म्हणजे ही गोष्ट कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही हे सगळ्यांना दिसतं. सांगून झाली की बसलेल्यांपैकी एकाने ती परत सांगायची. तो काही विसरला तर बाकीचे सांगतील, चुकला तर अडवतील. इथेच माणसं बोलती होतात, कारण गोष्ट दुरुस्त करणं त्यांच्या सवयीचं आहे. मग प्रश्न. मी ठरलेले चारच ठेवतो : यात कोण कसं वागलं? तुम्हाला काय खटकलं? देव कसा आहे असं यातून दिसतं? आणि असं आपल्याकडे कुठे होतं? उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं. ही शांतता आपल्याला असह्य होते आणि आपण लगेच भाषण सुरू करतो. तो मोह आवरा. ते विचार करत असतात.

एक बैठक तुम्हाला दाखवतो. जुन्या करारातलं 1 राजे, अध्याय 21, नाबोथाचा द्राक्षमळा. राजवाड्याला लागून असलेली जमीन अहाब राजाला हवी असते. तो म्हणतो, बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. मग राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहून त्यांवर राजाची मोहर उठवते, खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करून मारतात. हे ज्या ओट्यावर सांगितलं, तिथे बसलेल्यांचे नातेवाईक सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले होते. महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या बुडितात आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. "बदल्यात जमीन देतो" हे वाक्य येताच एक म्हातारे बाबा हसले आणि म्हणाले, "हे कोणत्या सालचं?" मोहरेपाशी आलो तेव्हा वनहक्काचा दावा प्रलंबित असलेले दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

मग मागून एका आजींनी विचारलं, "त्याच्या बायको-पोरांचं काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या अध्यायात नाही. मी तिथल्या तिथे काही जुळवून सांगितलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत आपण शोधू म्हटलं. 2 राजे 9 मध्ये येहू अहाबाच्या मुलाला मारून त्याचं प्रेत नाबोथाच्या त्याच शेतात टाकायला सांगतो, तेव्हा देवाचं जुनं वचन आठवतो आणि त्यात नाबोथाबरोबर त्याच्या मुलांच्याही रक्ताचा उल्लेख आहे. म्हणजे वारसच ठेवले नव्हते. शिकलेल्या वाचकाच्या नजरेतून हे वचन सहज निसटतं. त्या आजींच्या प्रश्नामुळे बैठक तिथे पोचली, आणि त्या दिवसापासून बायका पुढे सरकून बसू लागल्या. बायकोचं काय झालं ते शास्त्र कुठेच सांगत नाही, हेही मी तसंच सांगितलं. जे लिहिलं आहे आणि जे लिहिलेलं नाही, यांत फरक करायला माणसं यातूनच शिकतात.

यावरून कथा कशा निवडायच्या ते लक्षात येईल. रोमकरांस पत्राने सुरुवात करू नका. उत्पत्तीतल्या घराण्याच्या गोष्टी, निर्गम, रूथ, नाबोथ आणि मग मार्क सबंध, असा क्रम मला आमच्या भागात सर्वांत उपयोगी पडला. भावाभावांतला वाटा, दुष्काळात परमुलखात जाणं, विधवेने शेतात सरवा वेचणं, हे सगळं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. उलट ते आपल्याला समजावतात.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे निम्मं काम आहे. तो आश्रमशाळेचा मुलगा मराठी घडाघडा वाचतो म्हणजे ऐकणाऱ्यांना ते कळतं असं नाही. आपलं छापील शास्त्राचं मराठी पुण्या-नगरच्या माणसालाही जड जातं. वसावीत नवा करार झालेला आहे, तो मिळवा. शक्य असेल तर ऐकण्याच्या स्वरूपात, मोबाइलच्या मेमरी कार्डवर घालून द्या. जुन्या कराराच्या कथा मात्र तिथल्याच माणसाच्या तोंडी बसवाव्या लागतील. त्याची रीत अशी : बैठकीच्या दोन दिवस आधी दोघांना घेऊन बसा, एक बाई आणि एक पुरुष असेल तर उत्तम. तुम्ही मराठीत सांगा. ते आपसांत बोलून वसावीत बसवतील. मग तिसऱ्या माणसाला बोलवा, ज्याने मराठी ऐकलेलं नाही. त्याला वसावीतून गोष्ट ऐकवा आणि ती मराठीत परत तुम्हाला सांगायला लावा. कुठे काय गळलं, काय वाढलं, ते लगेच कळतं. हे दर आठवड्याला करायचं, कंटाळा न करता. काही महिन्यांत ती दोघं तुमच्यापेक्षा चांगलं सांगू लागतील, आणि गुरुवारी तुम्ही श्रोत्यांत बसायचं. आमच्या भागातल्या सगळ्यांत पक्क्या कथेकरी बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या तोंडी मार्क जवळजवळ सबंध होता आणि एखादा प्रसंग कुणी मागेपुढे केला तर त्या तिथेच थांबवत.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भुतं काढण्याचे प्रसंग आणि रोग बरे करण्याचे प्रसंग पाड्यावर फार जपून सांगायचे. आपल्याकडे आजार आला की कुणीतरी करणी केली, आणि ती करणारी बहुधा एखादी एकटी, म्हातारी किंवा विधवा बाई, असा संशय आजही घेतला जातो. डाकीण ठरवून बायकांना मारझोड झाली आहे, घर सोडायला लावलं आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आहे, पण संशय कायद्याने जात नाही. अशा गावात बाहेरून आलेला प्रार्थनेचा माणूस "यात सैतानाचं काम आहे" असं मोघम बोलून गेला, तर त्याचा अर्थ लोक शेजारच्या घराकडे बघून लावतात. मार्काच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या मुलखातला, थडग्यांत राहणारा माणूस आहे. बैठकीत हमखास विचारतात, "त्याच्यावर केलं कोणी होतं?" तिथे ठाम उभं राहा. येशूने त्या आत्म्याला नाव विचारलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुणाला शोधायला निघाला नाही. त्या माणसाला शुद्धीवर आणलं, कपड्यांत बसवलं आणि घरी पाठवलं. हे त्यांना स्वतः मोठ्याने म्हणू द्या, पुन्हा पुन्हा.

तीच गोष्ट औषधांची. या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, क्षयरोग आहे. सिकलसेलच्या पोराला वेदना उठल्या की प्रार्थना करा, जरूर करा, आणि प्रार्थना करत करतच गाडीत घालून दवाखान्यात न्या. क्षयाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद होता कामा नयेत, आणि बंद करायला सांगणारा मंडळीतलाच असेल तर त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर अडवा.

होळी आणि देवमोगरा. याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही, आणि तुम्हीही त्यांना देऊ नये असं मला मनापासून वाटतं. सातपुड्याची होळी म्हणजे आपल्या शहरातला रंग नव्हे. काठीच्या होळीला दूरदूरचे पाडे जमतात. ढोल, नाच, वर्षभराच्या भेटीगाठी, सोयरीक जुळणं, सगळं तिथे होतं. त्याच होळीत बावा-बुध्या (नवसाने सोंग घेऊन नाचणारे) होणारे नवस धरतात, दिवसच्या दिवस कडक पाळणूक करतात. देवमोगरेला याहामोगी या आदिवासींच्या देवीच्या जत्रेत नवस फेडणं असतं आणि भाऊबंदांबरोबर जाणंही असतं. यातलं कोणतं उपासना आणि कोणतं नातं, हे बाहेरच्या माणसाला वरवर बघून ठरवता येत नाही. घरातल्या माणसाला ठरवता येतं.

त्यासाठी शास्त्रात सामग्री भरपूर आहे. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये अन्यजातीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर किती ओझं घालायचं यावर यरुशलेमेत बैठकच बसली, वाद झाला, मग ठरलं. 1 करिंथकरांस 8 ते 10 मध्ये मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्याचा प्रश्न पौल सगळ्या बाजूंनी फिरवून पाहतो : खायला हरकत नाही, पण दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नये, आणि देवाचं मेज व भुतांचं मेज दोन्हीकडे बसता येत नाही. 2 राजे 5 मध्ये अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर आपल्या धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल म्हणून आधीच क्षमा मागतो आणि संदेष्टा अलीशा त्याला शांतीने पाठवतो. हे तीनही प्रसंग ओळीने घ्या, एकेक बैठक द्या, आणि मग मंडळीला ठरवू द्या. वेळ लागेल. एका होळीत सुटणार नाही. काही कुटुंबं जातील, काही नवस सोडून फक्त भेटायला जातील, काही अजिबात जाणार नाहीत. माझ्याच सोबतच्या काही पाळकांचं मत माझ्याहून कडक आहे आणि त्यांच्याकडे त्याची कारणं आहेत. पण वरून आलेला हुकूम मी पाहिला आहे : समोर पाळला जातो, माणसं लपून जातात आणि मग अभ्यासातही खरं बोलत नाहीत. तुमच्या त्या "हो"मध्ये थोडा भाग याचाही असू शकतो. "होळीला गेला होतात का?" असं कधी विचारलं असेल, तर ते विचारणं आता बंद करा.

गाण्याची चिंता तुम्हाला नाही, पण तिचा उपयोग तुम्ही करत नाही आहात. चार-पाच कथा झाल्या की त्यांना म्हणा, याचं गाणं बांधा, तुमच्या चालीत, ढोलावर. फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं, ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, आणि मराठी मंडळी आजही टिळकांची पदं गाते. पूर्व भारतातल्या संथाळ आदिवासींमध्ये गेलेल्या स्क्रेफ्सरूड या मिशनरींनी 1871 मध्ये कोलेआन नावाच्या संथाळ गुरूसमोर बसून त्यांच्या जमातीची परंपरा त्याच्याच शब्दांत लिहून घेतली, आणि ती पुढे पुस्तक म्हणून छापली गेली. आधी ऐकून घेण्याचं हे काम तुम्हीही करा. पाड्याची उत्पत्तीची गोष्ट काय आहे, पूर्वज कुठून आले, कणीकन्सरीला म्हणजे धान्याच्या देवीला ते काय म्हणतात, हे म्हाताऱ्यांकडून ऐका. वाद घालायला म्हणून ऐकू नका. त्यांच्या मनात आधीपासून काय आहे ते ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगितलेली गोष्ट कुठे जाऊन बसते ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

साक्षरता वर्ग जरूर काढा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणासाठी, आणि सगळ्या पाड्यासाठी. रेशनकार्ड, बँकेची स्लिप, ग्रामसभेचा ठराव, वनहक्काच्या दाव्याचा कागद वाचता यावा म्हणून. तिथे प्रार्थनेची अट नको. तांदूळ, पैसे, शाळेचा प्रवेश, यांतलं काहीही सभेशी जोडू नका. पोलीस पाटील आणि कारभारी यांना तुम्ही काय करता ते माहीत असू द्या, बैठक उघड्या ओट्यावर घ्या. सीमेपलीकडे गुजरातमध्ये धर्मांतराचा कायदा 2003 पासून आहे. तिकडच्या नातेवाइकांकडे सभेसाठी जाण्याआधी तिथल्या मंडळीच्या जाणत्यांशी बोलून घ्या.

शेवटी वेळापत्रक. दर गुरुवार हा हिशेब पाड्यावर वर्षभर चालत नाही. दिवाळीनंतर निम्मी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात. होळीला काही परत येतात, बाकीचे उन्हाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहाची फुलं वेचणं, पाऊस पडला की पेरणी. बायकांना स्वयंपाक उरकल्याशिवाय बसता येत नाही, म्हणून संध्याकाळी सहा ही वेळ फक्त पुरुषांची आणि पोरांची ठरते. जेवणानंतर बसा. सर्वांत मोठी संधी पावसाळ्याच्या मधल्या महिन्यांत असते. तेव्हा सगळे घरी असतात. त्या काळात आठ-दहा कथा पक्क्या करून घ्या आणि तोडीला जाणाऱ्यांपैकी दोघा-तिघांच्या तोंडी बसवा. तळावर रात्री शेकोटीपाशी तेच सांगतात, तुमच्याविना. पुस्तक लागत नाही, दिवा लागत नाही.

येत्या गुरुवारी पुस्तकातलं काही वाचायला देऊ नका, लूक 15 मधल्या दोन मुलांची गोष्ट तोंडी सांगा आणि परत सांगायला लावा. आणि मला कळवा : तुमच्या पाड्यावरची किती घरं तोडीला जातात, कोणत्या महिन्यात, आणि घरी वसावीच बोलणारी पण मराठी चांगलं कळणारी दोन माणसं कोण आहेत. त्यावरून पावसाळ्यापर्यंत कोणत्या कथा घ्यायच्या ते आपण बसवू.